गॅसचा दिवा, विजेचा दिवा आणि कामगाराची संध्याकाळ

१/ सन १८५७चा जून महिना. लंडनच्या पश्चिमेस साउथ केन्सिंग्टन येथे एक नवे वस्तुसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पन्हळी लोखंडी पत्र्याची ती इमारत इतकी कुरूप होती की लंडनकरांनी तिला ‘ब्रॉम्प्टनचे बॉयलर’ असे नाव ठेवले. पण या कुरूप इमारतीत एक गोष्ट अशी होती, जी तोवर कोणत्याही मोठ्या संग्रहालयाने केली नव्हती. आठवड्यातील ठराविक दिवशी तेथे सूर्यास्तानंतर गॅसचे दिवे लागत आणि रात्री उशिरापर्यंत दारे उघडी राहत. दिवसभर राबणाऱ्या प्रौढ माणसाने संध्याकाळी यावे, पाहावे, शिकावे, अशी त्यामागची योजना होती.

२/ त्याच वर्षी मुंबईत काय चालले होते? कोटातील टाऊन बराकीत सरकारी मध्यवर्ती संग्रहालय नुकते कोठे मांडून झाले होते. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या जोडीच्या वस्तू येथेच ठेवून त्याचा आरंभ झाला होता. उत्तरेत बंड पेटले. फौजेला बराकी हव्या झाल्या, आणि संग्रहालयातील वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. कित्येक मोडल्या, कित्येक हरवल्या.

३/ मोठ्या माणसांना कला, हस्तकौशल्य आणि आपल्या गावाचा इतिहास शिकवणारे वर्ग आज अनेक संग्रहालयांत भरतात. शनिवार-रविवारच्या सुट्टीत कोणी मातीकाम शिकते, कोणी मोडी वाचायला बसते, कोणी जुन्या नकाशावर आपली गल्ली शोधते. ही कल्पना सहज सुचलेली नाही. तिचा इतिहास वाचताना चित्रे आणि मूर्ती यांच्यापेक्षा घड्याळ आणि दिवा यांच्याकडेच अधिक पाहावे लागते.

४/ आधी लंडन. तेथील सरकारला कामगारांच्या ज्ञानाचा कळवळा अचानक आला नव्हता. कारण व्यापारी होते. इंग्लंडच्या यंत्रांतून निघणारे कापड स्वस्त होते, पण नक्षीत फ्रेंच माल त्याला मागे टाकत होता. म्हणून १८३७ साली सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी ‘स्कूल ऑफ डिझाइन’ निघाली. पुढे १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जागतिक प्रदर्शन भरले. तेथे साठ लाखांवर लोक येऊन गेले. प्रदर्शनातून नमुन्यादाखल वस्तू विकत घेण्यासाठी सरकारने पाच हजार पौंड दिले आणि त्यांतला मोठा वाटा ईस्ट इंडिया कंपनीच्या दालनातील हिंदुस्थानी वस्तूंवर खर्च झाला. आपले कारागीर ज्यांच्याकडून शिकावेत असे इंग्रजांना वाटले, त्यांत आपल्याकडचे विणकर होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

५/ या वस्तू १८५२ साली मार्लबरो हाउसमध्ये मांडल्या गेल्या. सोबत एक गमतीदार दालनही होते. वाईट अभिरुचीचे नमुने म्हणून बाजारातल्याच काही वस्तू तेथे ठेवल्या होत्या: फुलांनी बरबटलेले गालिचे, भलत्याच आकाराचे दिवे. लोकांनी त्याला ‘भीतिदालन’ म्हटले. ज्यांचा माल तेथे लागला ते कारखानदार खवळले आणि दालन लवकरच बंद झाले. प्रौढांना ‘तुमची आवड चुकीची आहे’ असे सांगणे किती अवघड, याचा धडा संग्रहालयाला पहिल्याच वर्षी मिळाला.

६/ या सगळ्यामागचा उत्साही अधिकारी म्हणजे हेन्री कोल. नोव्हेंबर १८५७च्या एका व्याख्यानात त्याने एक चित्र उभे केले आहे: एका-दोन अंधाऱ्या खोल्यांत राहणारा मजूर जाड्याभरड्या कापडाचा कोट घालून, बायको आणि तीन-चार पोरे घेऊन, संध्याकाळी संग्रहालयात येतो आणि झगझगीत उजेड पाहून सारे कुटुंब थक्क होते. गुत्त्यावर जाण्यापेक्षा माणूस येथे आलेला बरा, हा कोलचा हिशेब होता. या वर्णनात वरून खाली पाहण्याचा सूर आहे, हे खरे. तरीही एक गोष्ट त्याला नेमकी कळली होती. मजुराच्या घरात उजेड नसतो. म्हणून जेथे उजेड आहे तेथे त्याला बोलवावे.

७/ गॅसच्या ज्वालांनी चित्रे खराब होतील, अशी तक्रार झाली. तेव्हा सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात विजेच्या शास्त्राचा प्रवर्तक मायकेल फॅरडे आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल होते. दिवे नीट बसवले तर चित्रांना धोका नाही, असा निर्वाळा १८५९ साली मिळाला. संध्याकाळचे तास टिकले.

८/ पण संध्याकाळच का? रविवारी तर इंग्लंडात सुट्टीच असे. अडचण तेथेच होती. रविवार हा प्रार्थनेचा दिवस; त्या दिवशी चित्रे पाहणे म्हणजे अधर्म, असे मानणारा पक्ष पार्लमेंटात बलवान होता. ज्या एका दिवशी मजूर मोकळा, त्याच दिवशी राष्ट्रीय संग्रहालयांना कुलूप, अशी स्थिती जवळजवळ चाळीस वर्षे राहिली. लंडनची राष्ट्रीय संग्रहालये रविवारी उघडण्याचा ठराव संमत व्हायला १८९६ उजाडावे लागले.

९/ मधल्या काळात शिकण्याच्या इतर वाटा निघाल्या. १८५४ साली एफ. डी. मॉरिस यांनी लंडनमध्ये ‘वर्किंग मेन्स कॉलेज’ काढले. तेथे संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग घेणारा शिक्षक होता साक्षात जॉन रस्किन, त्या काळचा सर्वांत मोठा कलासमीक्षक. पुढे १८७५ साली त्याने शेफील्डच्या बाहेर वॉक्ली येथे टेकडीवरच्या एका साध्या घरात लहानसे संग्रहालय उघडले. चाकू-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरांचे ते गाव. डोंगर चढून, धूर मागे टाकून त्यांनी यावे आणि खनिजे, पक्ष्यांची चित्रे, जुनी हस्तलिखिते यांच्यासमोर बसावे. हे संग्रहालय संध्याकाळी तर उघडे असेच. रविवारीही उघडे असे.

१०/ हाच रस्किन जानेवारी १८५८मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या त्या नव्या संग्रहालयात व्याख्यानाला उभा राहिला होता. कानपूर आणि दिल्लीच्या बातम्या ताज्या होत्या. हिंदी कारागिराची नक्षी अप्रतिम असते, हे त्याने मान्य केले. आणि त्याच दमात, असे सुंदर काम करणारे लोक इतके क्रूर कसे, असा प्रश्न उभा करून कलेपासून हिंदी माणसाला तोडून टाकले. दालनात हिंदुस्थानी विणकाम मांडलेले, आणि व्यासपीठावरून विणणाऱ्याच्या जातकुळीचा निवाडा. वसाहतीच्या काळातील संग्रहालय-शिक्षणाची सगळी गुंतागुंत त्या एका संध्याकाळी दिसते: वस्तू गुरू, पण ती घडवणारा मात्र आरोपी.

११/ आता मुंबईकडे. येथे प्रौढांच्या शिक्षणाची सुरुवात संग्रहालयाच्याही आधी झाली होती. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून सभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा झाल्या. या ज्ञानप्रसारक सभांतून इतिहास, रसायन, आरोग्य अशा विषयांवर देशी भाषांत निबंध वाचले जात. पुढे जमशेटजी जिजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७मध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. ते आजचे सर ज. जी. कला महाविद्यालय.

१२/ बराकीतून हुसकलेल्या संग्रहालयाला नवे घर मिळवून देणाऱ्या मंडळींत जगन्नाथ शंकरशेट, संग्रहालयाचा अभिरक्षक डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे प्रमुख होते. भाऊ दाजी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. दिवसा रुग्ण, उरलेल्या वेळी शिलालेख. अजिंठ्याच्या लेखांचे त्यांचे वाचन १८६३ साली प्रसिद्ध झाले. प्रौढ वयात, कोणत्याही विद्यापीठाच्या वर्गात न बसता, स्वतःच्या हौसेने लिप्या शिकून इतिहासकार झालेला हा माणूस. आज ज्यांना ‘हौशी अभ्यासक’ म्हणतात त्यांनी आपले मूळपुरुष म्हणून त्यांच्याकडे पाहायला हरकत नाही.

१३/ नोव्हेंबर १८६२मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते भायखळ्याला पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते, मुंबईत पैशाचा पूर आला होता आणि वर्गणीचे आकडे फुगले होते. यादवी संपली, १८६५ साली शेअरबाजार कोसळला, आणि वर्गणी देणारेच दिवाळखोरीत निघाले. इमारत अर्धवट राहिली. अखेर सरकारने भार उचलला आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ खुले झाले. लोकांसाठी मात्र तो राणीच्या बागेतला अजबखाना.

१४/ साउथ केन्सिंग्टनची पद्धत मुंबईत आणणारा दुवाही तेथूनच आला. जॉन लॉकवुड किपलिंग हा बर्स्लेमच्या मातीकामाच्या कारखान्यांत तयार झालेला आणि साउथ केन्सिंग्टनच्या सजावटीवर काम केलेला शिल्पी. १८६५ साली तो जे. जे.मध्ये आला. त्याच्यासोबत जॉन ग्रिफिथ्स हा चित्रकार आणि हिगिन्स हा लोहकाम शिकवणारा. त्यांचा मुलगा-विद्यार्थी असा वर्गखोलीपुरता संबंध नव्हता. तिघांची तीन कार्यशाळा होती आणि तेथे शिकणारे हात शहराच्या इमारतींवर चालत. व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे दगडी मोर, माकडे, पाने-फुले ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली याच शाळेतील विद्यार्थ्यांनी घडवली. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याचे काम १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्सबरोबर त्यांनीच केले.

१५/ येथेच मूळ अडचण उभी राहते. लंडनच्या योजनेत कारागीर हा विद्यार्थी होता आणि संग्रहालय गुरू. मुंबईत तांबट, कासार, साळी, सुतार यांच्या हातांत पिढ्यांचे ज्ञान आधीच होते. त्याला सरळ रेघ आणि सपाट नमुन्यावरून नक्कल शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे? शिवाय कामावरून सुट्टी घेऊन वर्गात बसणे त्याला परवडत नव्हते. मग वर्गात आली ती बहुतांशी नोकरी शोधणारी पांढरपेशी मुले. त्यांतले पुष्कळ पुढे शाळांत ड्रॉइंग मास्तर झाले. चित्रकलेच्या परीक्षा वाढल्या. कारागीर बाहेरच राहिला.

१६/ अपवाद नव्हते असे नाही, आणि सर्वांत ठळक अपवाद लाहोरचा. १८७५ साली किपलिंग तेथील मेयो कलाशाळेचा प्रमुख आणि संग्रहालयाचा अभिरक्षक झाला. (‘किम’ या कादंबरीच्या आरंभी जो अजायबघर येतो, तो हाच, कादंबरीकार त्याचाच मुलगा, मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेला.) शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांत अमृतसरकडच्या सुतार घराण्यातला रामसिंग होता. संग्रहालय आणि शाळा एकाच माणसाच्या हाती असल्यामुळे एका ठिकाणी पाहावे आणि दुसऱ्या ठिकाणी घडवावे, असे शक्य झाले. रामसिंगने लाहोर संग्रहालयाच्या नव्या इमारतीच्या रचनेत भाग घेतला, इंग्लंडला जाऊन राणीच्या ऑस्बोर्न येथील वाड्यातले दरबार दालन सजवले, आणि १९१० साली तो त्याच शाळेचा प्राचार्य झाला. सुताराचा मुलगा प्राचार्य होऊ शकला, कारण तेथे त्याच्या रंधा-पटाशीच्या ज्ञानालाच अभ्यास मानले गेले.

१७/ बाकीच्यांच्या वाट्याला काय आले, ते १८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये दिसले. तेथे वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले. हिंदुस्थानी दालनात विणकर, कुंभार, सोनार प्रेक्षकांसमोर बसून काम करत. परंपरागत कारागीर म्हणून त्यांची जाहिरात झाली. वास्तवात त्यांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातून आणले होते. तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर त्यांना घेऊन गेले होते. तुरुंगात गालिचे विणायला शिकवणे हा त्या काळी सरकारी उद्योगच होता. ज्या इमारतीजवळ इंग्रज मजूर गॅसच्या उजेडात शिकायला येत होता, तेथे हिंदी माणूस स्वतःच पाहण्याची वस्तू झाला होता.

१८/ आता भायखळ्याच्या अजबखान्याच्या दारात उभे राहून आजूबाजूला पाहावे. १८७२ साली तेथून चहूकडे गिरण्यांची धुराडी वाढत होती. भायखळा, परळ, ताडदेव, चिंचपोकळी. कामगारवस्तीच्या इतक्या जवळ असे संग्रहालय क्वचितच सापडेल. कोलचा मजूर तर येथे चालत दहा मिनिटांवर होता. पण तो यावा कधी? गिरणीची पाळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. होळी, दिवाळी असे सणवार सोडले तर आठवड्याची निश्चित सुट्टी बहुतेक ठिकाणी नव्हतीच. दाराशी विद्येचे घर, आणि दार उघडे असण्याच्या वेळात कामगार साच्यावर उभा.

१९/ ही अडचण संग्रहालयाच्या कोणा अभिरक्षकाने सोडवली नाही. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी सोडवली. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन निघाले. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एप्रिल १८९०मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची प्रचंड सभा झाली. तीत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

२०/ म्हणजे संग्रहालय उघडून अठरा वर्षे होऊन गेल्यावर शेजारच्या गिरणी कामगाराला ते निवांतपणे पाहण्याचा पहिला हक्काचा दिवस मिळाला. मुंबईतील प्रौढ शिक्षणाच्या इतिहासात ज्या तारखा लिहायच्या, त्यांत कलाशाळेच्या स्थापनेइतकीच ही तारीख महत्त्वाची आहे. गंमत अशी की लंडनच्या मजुराला रविवारची सुट्टी होती, पण संग्रहालय बंद होते. मुंबईत सुट्टीसाठीच लढावे लागले. दोन्ही शहरांचे प्रश्न एकाच दशकात, १८९० आणि १८९६ साली सुटले.

२१/ मग दिव्याचे काय? लंडनमध्ये गॅसच्या दिव्याने मजुराला संध्याकाळ मिळवून दिली. मुंबईत दिवा आला, तो गिरणीत. विजेचे दिवे बसले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा उरली नाही. १९०५च्या सुमारास बाजार तेजीत आल्यावर अनेक गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. कामगार चिडले, दगडफेकीपर्यंत प्रकरणे गेली. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले, १९२२ साली ते अकरा तासांवर आले, १९३४ साली दहांवर, आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९४६च्या कायदादुरुस्तीने आली. संध्याकाळ अशी तासातासाने परत मिळवावी लागली.

२२/ संग्रहालयातही या शतकारंभी एक महत्त्वाचा बदल घडत होता. जे. जे.चा प्राचार्य सेसिल बर्न्स अभिरक्षक झाला. येणाऱ्यांत बहुसंख्य लोक निरक्षर आहेत, हे त्याला दिसत होते. वसाहतकाळातील बरेच अधिकारी या गर्दीला हसत. लोक तमाशा पाहायला येतात, शिकायला नाही, असे लिहीत. बर्न्सने निदान गर्दी खरी मानली. खनिजांच्या आणि धान्यांच्या बाटल्यांऐवजी मातीच्या लहान प्रतिकृती, गावगाड्यातील व्यवसायांची दृश्ये, मुंबईतील निरनिराळ्या समाजांचे पोशाख, होड्यांचे नमुने, आणि जुन्या मुंबईचे नकाशे व छायाचित्रे मांडण्याकडे कल झाला. अक्षर न वाचता शहराचा इतिहास वाचता यावा, अशी ती रचना. घारापुरीच्या बेटावरून विलायतेला न्यायच्या खटपटीत मोडलेला दगडी हत्ती याच काळात, १९१४ साली, तुकडे जुळवून बागेत उभा केला गेला. तो आजही संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे.

२३/ तरीही त्या काचेच्या कपाटांपुढे थोडे थांबायला हवे. आत मातीचा चिमुकला विणकर मागावर बसलेला आहे. त्याला नाव नाही, जात आणि धंदा एवढीच ओळख. बाहेर, रविवारचा धुतलेला सदरा घालून, ज्याचा आजा हातमागावर बसत असे असा गिरणी कामगार उभा आहे. हातमाग मोडला म्हणूनच तो कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला आला असेल. त्याने पोराला कपाट दाखवून काय सांगितले असेल? ते कोणत्याही अहवालात नाही. पण ते घडले असणारच, आणि त्या क्षणी दालनातला खरा शिक्षक कोण होता, हे सांगायला नको.

२४/ प्रत्यक्ष वर्ग मात्र दुसरीकडेच भरले. त्याची सुरुवात फार आधी पुण्यात झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५च्या सुमारास आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा चालवली. हंटर आयोगापुढच्या १८८२च्या निवेदनातही जोतीरावांनी शेती आणि हस्तव्यवसाय यांच्या उपयुक्त शिक्षणाचा आग्रह धरला. (पुण्यातले लॉर्ड रे यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालय आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते. नामांतरे पुष्कळ होतात. हे मात्र चपखल बसले.) मुंबईत १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि गिरणगावात रात्रशाळा, मोफत वाचनालये सुरू केली. १९५३च्या कायद्यानंतर कामगार कल्याण केंद्रांचे जाळे विणले गेले. शिवणवर्ग, भरतकाम, नाटके, वाचनालय हे सारे कामगाराच्या वस्तीत, त्याच्या पाळीला जमेल अशा वेळेत.

२५/ १९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचे चित्र निराशेचे होते: पैसा नाही, माणसे नाहीत, शिक्षणाची व्यवस्था तुटपुंजी, आणि तरीही पाहायला येणाऱ्यांची गर्दी अफाट. विद्यार्थी दाराशी येऊन उभे होते, असाच त्याचा अर्थ.

२६/ पुढचा इतिहास लवकर सांगता येतो. १ नोव्हेंबर १९७५ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. जानेवारी १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. संग्रहालयही तोवर मोडकळीला आले होते. २००३मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला, मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने. २००५ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २००८ साली दारे पुन्हा उघडली. मातीच्या त्या प्रतिकृती आता वरच्या मजल्यावर मुंबईच्या इतिहासाच्या दालनात आहेत. प्रौढांसाठी कलेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम, व्याख्याने, कार्यशाळा तेथे होऊ लागल्या. तिकडे फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही संग्रहालयशास्त्राचे वर्ग चालवले आहेत.

२७/ वर्ग आले, तेव्हा शेजारच्या धुराड्यांतून धूर निघत नव्हता. अशा वर्गांना कोण जाते, ते कोणत्या भाषेत चालतात, आणि आठवड्याच्या कोणत्या वारी व कोणत्या वेळी भरतात, हे प्रश्न कोलच्या काळाइतकेच जिवंत आहेत. आज रविवारी कामावर जाणारे लोक मुंबईत लाखांनी आहेत: पहारेकरी, दुकानांतली माणसे, सामान पोहोचवणारी मुले.

२८/ काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक दोन आणि तीनच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. ते पूर्ण होईल तेव्हा तेथे ताणा कसा लावतात, तुटलेला धागा चालत्या साच्यावर कसा सांधतात, हे कोणीतरी दाखवावे लागेल. १९८२ साली वीस वर्षांचा असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. लालबाग-परळच्या चाळींत असे हात अजून आहेत.